सहप्रवासी

प्रवासाला निघणाऱ्या मनुष्यास गाव निवडता येते, वाहन निवडता येते, क्वचित् खिडकीजवळची जागाही पटकावता येते; शेजारी मात्र दैवात असेल तोच लाभतो. या दैवयोगाला लोक सामान्यतः बोल लावतात. आम्ही त्याची बाजू घेणार आहोत, आणि आमचा साक्षीदार आहे एक जुना हिंदी बोलपट : १९७२ साली निघालेला ‘बॉम्बे टू गोवा’.

एस. रामनाथन यांनी दिग्दर्शित केलेला हा पट १९६६ च्या ‘मद्रास टू पाँडिचेरी’ या तमिळ बोलपटावरून घेतलेला आहे. कथानक चिमूटभरच. नटी होण्याच्या मोहात सापडलेली एक तरुणी डोळ्यांदेखत खून पाहते, आणि मारेकरी पाठीस लागले असता गोव्याच्या बसमध्ये चढते. ही तरुणी अरुणा इराणी. तिच्या रक्षणार्थ येणारा उंच, सडपातळ युवक अमिताभ बच्चन. ‘जंजीर’ यायला अद्याप वर्षाचा अवकाश असल्याने त्याच्याभोवती कीर्तीचे वलय नाही. कंडक्टर मेहमूद, ड्रायव्हर त्याचा सख्खा भाऊ अन्वर अली. आणि या जोडीची नावे खन्ना व राजेश! त्या काळच्या लाडक्या नटाला काढलेला हा चिमटा प्रेक्षकांना तत्काळ उमगला असला पाहिजे.

उतारूंचा संच तर विलक्षणच. भज्यांच्या नुसत्या दर्शनाने बेभान होणारा एक लठ्ठ मुलगा आहे. आईबापांनी त्याचे तोंडच बांधून ठेवले आहे. केश्टो मुखर्जी झोपेत शेजाऱ्याच्या अंगावर कलंडत असतो. प्रांतोप्रांतीच्या लोकांची नक्कल आज अंमळ भडक वाटते, हे खरे. परंतु कोणताही शहाणा यजमान ज्यांना एका पंगतीस बसवणार नाही, त्यांना एक तिकीट बसवते, ही त्यातील गंमत काही शिळी झालेली नाही.

आणि आमच्या मते त्या मुलीचा अर्धा जीव वाचतो तो या गंमतीमुळेच. ती एकटीच मोटारीतून निघाली असती, तर भीतीखेरीज तिला सोबत नव्हती. येथे मात्र कोण, कुठली, कोणाबरोबर, याची प्रत्येकास उत्सुकता! या वृत्तीला आम्ही शिकलेले लोक भोचकपणा म्हणतो. तिकीट मारेकऱ्यालाही मिळते, हे आम्ही जाणतो. पण चाळीस भोचक डोळ्यांसमोर त्याचाही हात आखडतो. चौकशी ही काळजीची अडाणी बहीण आहे.

आमची कन्या याच मार्गाने रात्रीच्या बसने वरचेवर जाते. तिच्या स्वातंत्र्याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु त्या शयनबसमध्ये प्रत्येक बिछान्यास पडदा असतो आणि पडद्यामागे प्रत्येकाच्या कानात स्वतंत्र संगीत. बस भरलेली, तरी जो तो एकटा. आज रात्री एखादी घाबरलेली मुलगी तीत चढली, तर ते कोणाच्या ध्यानात येईल?

“शेजारच्या बाईंचे नाव तरी विचारून ठेवत जा,” असे आम्ही कन्येस सुचवले.

“बाबा, पडदा ओढलेल्या माणसाला हाक मारणे बरे दिसत नाही,” ती म्हणाली.

शिष्टाचाराच्या दृष्टीने तिचे म्हणणे बिनतोड आहे. तथापि पहाटे ती पोहोचल्याचा निरोप येईपर्यंत आमचा डोळा लागत नाही. आणि तिच्या बसमध्ये माणसे मोजणारा, नको ते प्रश्न विचारणारा एखादा मेहमूद असावा, असे राहून राहून वाटते.