एवढासा खटका

पहाटे चोपड्याकडे केळीची ट्रॉली ओढत जाणारा ट्रॅक्टर कोणाचा, हे नानांना अंथरुणातूनच कळायचं. आमच्या बी-275 चा ठोका तर अडावदच्या रस्त्यावर लांबूनच ओळखू यायचा. 1963 साली महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी केली, त्यातून आलेलं हे लाल यंत्र. मे महिन्यात सातपुड्याकडून वावटळ उठून गेली की नाना आधी एअर क्लीनरची वाटी उघडत. काळ्या जमिनीची पिठासारखी धूळ तेलात गाळ होऊन बसलेली असायची. वाटी चिंधीने पुसायची, खुणेपर्यंत नवं तेल भरायचं. काम थोडंसं, पण इंजिनाचं आयुष्य त्यावरच.

ओट्याशेजारी म्हैसूरच्या कारखान्यातली जावा उभी असायची. किकचा आणि गिअरचा दांडा एकच. तिचा 6 व्होल्टचा दिवा मात्र काजव्यासारखा. तो बदलायचं ठरलं तेव्हा मिस्त्रींनी हिशेब समजावला: 24 वॅटच्या दिव्याला 6 व्होल्टवर 4 अँपिअर लागतात, 12 व्होल्टवर दोनच. वायर कमी तापते, उजेड पुरेपूर पोचतो. पण नुसता बल्ब बदलून भागत नाही. डायनॅमो, रेग्युलेटर, कॉइल, बॅटरी, हॉर्न सगळंच जुळवावं लागतं, आणि फ्यूज तर हवाच. टाकी, रंग, दोन सायलेन्सरांचा तो आवाज आम्ही तसाच ठेवला. जुनेपण जपायचं ते तिथे. जिथे माणसाचा जीव टांगलेला आहे, तिथे जुनेपणाचा हट्ट मला पाप वाटतो.

हे मला ट्रॅक्टरने शिकवलं. मागच्या दोन चाकांना ब्रेकची दोन वेगळी पायडलं. वावरात वळताना एकच दाबायचं, की ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो. सडकेवर आलं की दोन्ही एका खटक्याने जोडायची. एका पावसाळ्यात तो झिजलेला खटका निसटला. नानांनी ब्रेक मारला, एकच चाक अडलं आणि ट्रॅक्टर ओल्या सडकेवरून चारीत उतरला. कलंडता कलंडता राहिला. नाना बराच वेळ बांधावर बसून होते, हातातलं फडकं पिळत.

ट्रॅक्टर उलटला तरी चालक वाचावा म्हणून स्वीडनने 1959 मध्येच नव्या ट्रॅक्टरवर संरक्षक चौकट सक्तीची केली. हे पुढे वाचलं तेव्हा ती चारी डोळ्यांपुढे आली. अशी चौकट वेल्डिंगच्या दुकानात पाइप जोडून होत नाही. त्या मॉडेलसाठी तपासलेलीच हवी, आणि सोबत सीटबेल्ट. चौकट नसेल तर मात्र पट्टा बांधू नये. जोडलेलं अवजार फिरवणाऱ्या पीटीओच्या शाफ्टवरचं कव्हरही काढून ठेवू नये. मिनिटाला 540 फेरे घेणारा तो दांडा उपरण्याचं टोक ओढायला क्षणही लावत नाही.

तुमच्या खळ्यात असा जुना ट्रॅक्टर असेल, तर सडकेवर नेण्याआधी दोन्ही पायडलं जोडा, मोकळ्या जागेत हळू चालवा आणि ब्रेक मारून पाहा. तो सरळ थांबला पाहिजे.