कुठल्या पाण्यातली?

गोंदिया जिल्ह्यातल्या चिचगडच्या बाजारात ‘ही कोणती मासळी?’ असं विचारलं, की टोपलीमागची ढिवरीणबाई, म्हणजे मासेमार समाजातली बाई, नाव नंतर सांगे. आधी पाणी सांगे: तलावातली, बोडीतली (लहान तळ्यातली), नाहीतर धानाच्या बांधीतली. तेवढ्यावर जाणत्याला निम्मा मासा कळे.

मरळ मी अशीच शिकलो. सापासारखं डोकं, गोल अंग, हातातून निसटणारी. पाण्यातल्या हवेवर तिचं भागत नाही, वरची हवा घ्यावीच लागते. म्हणून गढूळ, आटत्या पाण्यातही ती तग धरते. बर्लिनच्या ब्लॉख या मत्स्यतज्ज्ञाने 1793 साली तिला शास्त्रीय नाव दिलं. ढिवरांच्या पोरांना त्याची गरज नव्हती. पावसाळ्यात तलावाच्या कडेच्या देवधानात, म्हणजे रानभातात, तांबूस पिल्लांचा घोळका खदखदताना दिसला, की खाली मायबाप राखणीला असणार हे ठरलेलं. तिथं पाय घालायचा नाही.

पुढे मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांत मास्क लावून उतरलो. 1987 पासूनचं सागरी अभयारण्य ते. पहिल्याच बुडीत अंगावर आले ते काळ्या उभ्या पट्ट्यांचे, तळहाताएवढे मासे. ‘सार्जंट मेजर,’ बरोबरचा पोरगा म्हणाला. पुस्तकं पट्टे मोजायला सांगतात: पाच पट्टे आणि पाठ पिवळी, तर एक जात, सहा-सात पट्टे, तर दुसरी. पण मोजून होईपर्यंत मासा थांबेल तर ना! त्या पोराची रीत मला घरची वाटली. मधल्या पाण्यात थव्याने तरंगता चारा टिपणारे ते पिवळे. खडकाला धरून वावरणारे ते दुसरे. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत पसरलेला हा पिवळा मासा अंडी मात्र खडकावरच चिकटवतो. नर निळसर पडतो, पाखरागत पहारा देतो आणि माणसाच्या बोटालाही ढुशी मारतो. मरळीचीच जात म्हणावी, इतकी तऱ्हा सारखी!

त्या माशाचा खडक निदान जागेवर आहे. मरळीच्या तलावांचं तसं नाही. आमच्याकडचे माजी मालगुजारी तलाव मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, संपवणाऱ्या 1950 च्या कायद्यानंतर सरकारजमा झाले. कितीतरी तलावांत पुढे बेशरम नावाची तणझुडपं माजली. रोहू-कटल्याचं बीज सोडता येतं, पण मरळीला कडेची वनस्पती लागते, ती कोण सोडणार? अर्जुनी मोरगावकडच्या ढिवर बायकांनी ते मनावर घेतलं. बेशरम उपटली, उन्हाळ्यात उघडा पडलेला तळ नांगरला आणि देशी पाणवनस्पती हाताने लावल्या.