अब्बांचे माप

आमच्या अब्बांनी मुंबईत तीस वर्षे टॅक्सी चालवली. गाडी प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या या गाडीला पद्मिनी हे नाव 1974 साली मिळाले. पण आमच्या घरात ती शेवटपर्यंत फियाटच राहिली. 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून या टॅक्सीने कायमची रजा घेतली. अब्बा ते पाहायला राहिले नव्हते.

त्यांची आठवण म्हणून आम्ही भावांनी एक जुनी खासगी फियाट विकत घेतली आणि कोकणात गावी नेली. गाडी लिटरला पंधरा किलोमीटर देते, असे आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगत असू. मग एके दिवशी लक्षात आले, रस्त्यावरच्या दगडांचे आणि आमच्या मीटरचे जमत नाही. दहा दगड मागे पडले की मीटर पावणेअकराच्या आसपास असे.

गावातल्या जुन्या मिस्त्रीचाचांना विचारले. त्यांनी मीटरकडे पाहिलेही नाही. चाकापाशी बसले आणि म्हणाले, "टायर हिचे नाहीत."

टायरवर लिहिले होते 165/65 आर 14. आम्हांला वाटले होते, गाडीवर आहे तेच तिचे माप. पण जुनी गाडी चार हातांतून गेलेली असते. कुणी काय चढवले, कोण सांगणार? चाचांनी डिकीतून स्टेपनी काढायला लावली. तिच्याकडे वर्षानुवर्षे कुणी पाहिले नव्हते. धूळ पुसली, तेव्हा अक्षरे दिसली : 5.20-14. कंपनीच्या जुन्या पुस्तिकेतही हेच निघाले.

मग आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. जुन्या मापात 5.20 ही टायरची रुंदी, इंचांत. 14 हा रिमचा व्यास. टायरची उंची त्यात लिहीत नसत, कारण ती जवळजवळ रुंदीइतकीच असे. नव्या मापात रुंदी मिलिमीटरमध्ये आणि उंची रुंदीच्या टक्क्यांत. 165 चे 65 टक्के म्हणजे 107. वर-खाली मिळून दुप्पट, त्यात रिमचे 356 मिळवले की चाक भरते 57 सेंटीमीटर. स्टेपनीला टेप लावली, तर 61. लहान चाक तेवढ्याच वाटेला जास्त फेऱ्या घेते आणि मीटर तर फेऱ्याच मोजतो. शंभर किलोमीटर चालले की तो 107 दाखवणार. आमचे पंधरा प्रत्यक्षात चौदाच होते. दोन वर्षे आम्ही खोट्याची फुशारकी मारत होतो.

तेव्हा अब्बा आठवले. टॅक्सीचा भाड्याचा मीटरही चाकाच्या फेऱ्यांवरच चाले. एकदा टायर बदलायचे होते. अड्ड्यावरचा एक जण म्हणाला, "जरा ठेंगणे टाका. मीटर पळेल, आणि सीलला हातही लावायला नको." त्या महिन्यात आमच्या शाळेची फी थकली होती, अम्मीने बांगडी मोडायला काढली होती. अब्बांनी पूर्ण मापाचेच टायर उधारीवर आणले. घरी येऊन एवढेच म्हणाले, "सील सरकारचं, पण माप माझं. त्या चार पैशांची भाकरी पोरांच्या ताटात नको." अम्मी काही बोलली नाही. बांगडी मात्र गेली. आम्हांला तेव्हा अब्बांचा रागच आला होता.

5.20 चे टायर आम्हांला कुठे मिळेनात. त्याच्या सर्वांत जवळचे 155/80 आर 14. तेही दुकानात नव्हते. 165/80 आर 14 सहज मिळत होते. मूळ मापापेक्षा ते रुंद, म्हणून चाचांनी आधी एकच चढवून पाहिला. रिमवर नीट बसतो का ते तपासले, स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत वळवले, कुठे घासत नाही याची खात्री केली. मगच बाकीचे बसवले. उभ्या गाडीचे स्टिअरिंग आता जरा जड लागते.

हे चाक 62 सेंटीमीटरचे. म्हणजे शंभर किलोमीटरला मीटर दीड-एक किलोमीटर कमी दाखवतो. वेग बघताना ते ध्यानात ठेवावे लागते.

गाडीत आता भाडे देणारा कुणी बसत नाही. तरीही काटा झुकायचाच असेल, तर तो आपल्याविरुद्ध झुकावा, हे अब्बांना पटले असते. पुसलेली स्टेपनी आम्ही तशीच डिकीत ठेवली आहे, अक्षरे वर करून.