पिवळा दिवा

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा एक बारका पिवळा दिवा असतो. चावी फिरवली की बाकीच्या दिव्यांबरोबर लागतो, गाडी सुरू झाली की विझतो. नाही विझला, की माणसाचं लक्ष रस्त्यापेक्षा त्या दिव्याकडेच जास्त.

शहरात असाल तर फार बिघडत नाही. गाडी गॅरेजला टाकायची, रिक्षा पकडायची. घनसावंगीत घरासमोर उभी असलेली गाडी फक्त त्या घराची नसते. रात्री कुणाच्या छातीत दुखलं, तर अंबडमार्गे जालना गाठायचं ते याच गाडीतून. १०८ ला फोन करता येतो हो, पण ती गाडी येईपर्यंत घरच्यांना धीर कुठला! त्यामुळे "गाडी जाईल ना?" हा आमच्याकडे साधा प्रश्न नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गाडीचा हा दिवा लागला. रस्त्यावर ठीक चालायची, पण उभी केली की थरथर. स्टेअरिंग हातात नाचायचं. सल्ले भरपूर मिळाले. पेट्रोलमध्ये पाणी असेल, इथेनॉलचा परिणाम असेल, उंदरानं वायर कुरतडली असेल. एकानं तर खात्रीचा उपाय सांगितला: बॅटरीची तार दहा मिनिटं काढून ठेवा, दिवा जातो.

दिवा जातो हे खरंच. पण त्याबरोबर इंजिनाच्या कॉम्प्युटरनं लिहून ठेवलेली तक्रारही पुसली जाऊ शकते. म्हणजे आजार तिथेच, साक्षीदार गायब.

आमच्या मिस्त्रींनी बॉनेटवर हात ठेवला, क्षणभर ऐकलं आणि म्हणाले, "भाऊ, एक मिसिंग मारतंय." मग स्टेअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला. कोड आला पी०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर.

मला गंमत वाटली ती पुढेच. कॉम्प्युटरला हे कळतं कसं? प्रत्येक सिलिंडर पेटलं की क्रँकशाफ्टला बारीकसा झटका मिळतो. एक पेटलं नाही की त्या ठिकाणी वेग किंचित पडतो आणि सेन्सर तो टिपतो. मिनिटाला ८०० फेऱ्यांवर प्रत्येक सिलिंडर ४०० वेळा पेटायला हवं. आमची गाडी तीन सिलिंडरची, त्यातलं एक रुसलं तर थरथरणारच. म्हणजे मिस्त्रींचा तळहात आणि कॉम्प्युटर एकच काम करत होते, ताल कुठे चुकतो ते ओळखण्याचं!

पण कोड कुठे बिघडलंय ते सांगतो, का बिघडलंय ते नाही. प्लग, कॉईल, इंजेक्टर, वायर, कॉम्प्रेशन, काहीही असू शकतं. मिस्त्रींनी एकही नवा पार्ट न आणता दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉईलची अदलाबदल केली, कोड पुसला, गाडी सुरू ठेवली. थोड्या वेळानं कोड आला पी०३०३. दुखणं कॉईलबरोबर सरकलं होतं! कोड दुसऱ्यावरच राहिला असता, तर पुढे प्लग, मग इंजेक्टर. एक कॉईल बदलली, थरथर गेली.

अमेरिकेत १९९६ पासून गाड्यांत ही यंत्रणा ठराविक पद्धतीची सक्तीची झाली. आपल्याकडे ती २०१० पासून आली, दुसरा टप्पा २०१३ मध्ये. मुळात ती धुरासाठी. म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा. दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर सावकाश गॅरेज गाठता येतं. दिवा लुकलुकत असेल तर मिसफायर जबर आहे. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो तापून वितळूही शकतो. तेव्हा वेग कमी करून गाडी बाजूला घ्यायची. आणि ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर लगेच थांबायचं, तिथे सवलत नाही.

आमच्यासारख्या गावात हा फरक माहीत असणं म्हणजे रात्री दोन वाजता दारात आलेल्या शेजाऱ्याला "चला" म्हणायचं की दुसरी गाडी बघायची, हे क्षणात ठरवता येणं. दिव्यावर काळी चिकटपट्टी लावणारेही पाहिलेत मी. त्यांच्या गाडीत बसायची वेळ रात्री कुणावर न येवो, एवढंच. असो.