दोरी दिसली की थांबावं

प्रेस शॉपमध्ये शिरलं की मी आधी मशीनला दोरीनं, चिकटपट्टीनं काय काय बांधलंय ते बघतो. दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबली तरच पंच खाली यावा, म्हणजे डायमध्ये हात राहायलाच नको, अशी सोय असते. प्रत्यक्षात डावं बटण चिकटपट्टीनं कायमचं दाबून ठेवलेलं. रजिस्टरमध्ये शेरा पडतो, ‘ऑपरेटर निष्काळजी’. त्यालाच विचारलं तर म्हणतो, “साहेब, पीस हलतो. एका हातानं धरल्याशिवाय बसतच नाही.” डाय उघडून बघितली तर पीस अडकवायची पिन झिजून गोल झालेली. चिकटपट्टी काढून उपयोग नाही, उद्या परत लागेल. पिन बदलायला हवी.

जुन्या की-क्लचच्या प्रेसची तऱ्हा निराळी. पायडल दाबलं की चावी अडकते, आणि मग एक फेरा पुरा झाल्याशिवाय पंच मध्ये थांबत नाही. स्प्रिंग दमली की कोणी पाय न लावताही दुसरा ठोका बसतो. मोटर बंद केली तरी फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहतं, आणि आत अडकलेला तुकडा काढायला बोटं नेमकी तेव्हाच आत जातात. “अधूनमधून डबल मारते, पण चालतंय” हे वाक्य कानावर आलं की प्रेस तिथल्या तिथं बंद करावी. बोटं जाण्याआधी मिळणारी सूचना बहुतेक वेळा एवढीच असते.

*

गोदामाच्या खांबाचा पिवळा रंग हातभर उंचीवर खरवडलेला. म्हणजे फोर्कलिफ्ट इथं वळताना घासते. चहाला जायची वाटही याच खांबामागून. नकाशात खांब आहे, चहा नाही.

*

वर्षातून एकदा मशीन खरोखर स्वच्छ होतं ते खंडेनवमीला. तेलाचा थर निघतो, मग हळदकुंकू, झेंडूचा हार. पुसून झाल्यावर आणि हार चढायच्या आधी बॅटरी घेऊन एक फेरी मारावी. फ्रेमला गेलेली केसाएवढी तड, अर्थिंगची तुटलेली पट्टी, चारांपैकी दोनच बोल्टांवर लटकलेला गार्ड, सगळं एका नजरेत येतं. पूजेसाठी काढलेला गार्ड दसऱ्यानंतर परत चढला का, तेही बघावं. पुष्कळदा तो हारासकट कोपऱ्यात उभा असतो.

*

भोसरी-पिंपरीकडच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. धोक्यांची यादी मात्र बुधवारी होते, सगळं सुरळीत चालू असताना. केबल ओढणं, क्रेनचा रोप बदलणं, टाकी धुणं, वरच्या पाइपला वेल्डिंग मारणं ही सगळी कामं गुरुवारची, म्हणून यादीत नाहीत. माणसं कंत्राटदाराची. मेन स्विच कुठला हे त्यांना ठाऊक नाही, आणि ज्याला ठाऊक आहे तो गावी गेलेला. स्विचला कुलूप लावायचं आणि किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात ठेवायची, यात खर्च कुलपाचा. तरी कुलपाच्या जागी ‘काम चालू आहे’ लिहिलेला पुठ्ठा लटकतो. पुठ्ठा वाऱ्यानंही पडतो.

*

मे संपत आला की गळती काढायला माणसं पत्र्यावर चढतात. सिमेंटचा जुना पत्रा ठिसूळ झालेला असतो. मध्येमध्ये उजेडासाठी घातलेले फायबरचे पत्रे तर उन्हानं पापडासारखे होतात, आणि वर्षभराची धूळ बसली की शेजारच्या पत्र्यांहून वेगळे दिसत नाहीत. जाणता माणूस बोल्टांच्या ओळीवरून चालतो, कारण तिच्याखाली लोखंड असतं. हेल्पर पोराला हे कोणी सांगत नाही, तो दोन ओळींच्या मधून सरळ रेषेत निघतो. खरं तर ओळीवरून चालणं ही कसरतच झाली. वर फळ्या टाकायला हव्यात, खाली जाळी हवी, आणि पट्टा अडकवायला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणलेला दोर हवा. खालून सुपरवायझर ओरडतो, “पट्टा घातलायस ना?” घातलेला असतो. हुक त्याच पट्ट्याच्या कडीत अडकवलेला असतो, कारण वर अडकवायला दुसरं काहीच नसतं. फोटोत मात्र सगळं व्यवस्थित.

*

टाकीत उतरताना नाकावर भिस्त ठेवू नये. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण हवेच्या दहा लाख भागांत हा वायू शंभर भागांच्या आसपास गेला की नाकच बधिर होतं. वास गेला, म्हणजे वायू गेला, असं समजून माणूस उतरतो. विहिरीत कंदील सोडून बघायची जुनी रीत ऑक्सिजन फार कमी असेल तर सांगते. विषारी वायूबद्दल ती मुकी, आणि पेट घेणारा वायू असला तर कंदीलच घात करतो. साध्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. मीटरवर १९.५ च्या खाली आकडा दिसला तर उतरायचं नाही, आणि विषारी वायूचं माप वेगळं घ्यायचं. पहिला खाली कोसळला की दुसरा त्याला काढायला तसाच उतरतो. बातमीत एकाऐवजी दोघं-तिघं असतात ते त्यामुळे.

*

भोपाळ म्हटलं की कारखान्यातून विषारी वायू सुटला ती २-३ डिसेंबर १९८४ ची रात्र आठवते. मला डिसेंबर १९८१ अधिक बोलका वाटतो. त्या महिन्यात त्याच कारखान्यात फॉस्जिन वायूनं मोहम्मद अश्रफ हा कामगार गेला. त्याचे मित्र, पत्रकार राजकुमार केसवानी मग या कारखान्याच्या मागे लागले आणि १९८२ मध्ये आपल्या छोट्या साप्ताहिकातून त्यांनी शहराला इशारे दिले. त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीच्या अमेरिकेहून आलेल्या पथकानंही दोष लिहून दिले होते. म्हणजे धोका सापडला नव्हता असं नाहीच. १९८४ च्या त्या रात्री वायूची टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती आणि निसटलेला वायू जाळणाऱ्या मनोऱ्याच्या नळीचा तुकडा दुरुस्तीसाठी काढलेला होता.

१९८७ मध्ये कारखाने अधिनियमात कलम ४१-एच आलं. घातक प्रक्रियेच्या कारखान्यात जिवावरचा धोका दिसला तर तो वरिष्ठांच्या नजरेस आणून देणं हा कामगाराचा हक्क ठरला. पण बोलणारा पोरगा कंत्राटी असेल तर दुसऱ्या दिवशी त्याला गेटातून आत घेतील की नाही, हे ठेकेदारावर. हा धोका कुठल्याच यादीत मी पाहिलेला नाही.

*

४ मार्चचा सुरक्षा दिन. शपथ, छातीवर बिल्ला, घोषवाक्य स्पर्धा. यमकं बरी जुळतात. त्याऐवजी मी एका कारखान्यात प्रत्येकाला बाजूला घेऊन एवढंच विचारलं, “तुझ्या धाकट्या भावाला यातल्या कुठल्या मशीनवर उभं करणार नाहीस?” कोणाला विचार करावा लागला नाही. बहुतेकांनी एकच दाखवलं, शेवटच्या ओळीतलं पत्रा कापायचं जुनं शिअरिंग. कंपनीच्या यादीत त्याच्यापुढे ‘जोखीम मध्यम’ असं होतं. मालकांना जागेवर नेलं. त्यांनी मशीनभोवती एक चक्कर मारली आणि फोरमनला विचारलं, “भंगारात काय येईल?”

“वजनावर जाईल,” फोरमन म्हणाला. “मोटर तेवढी काढून ठेवू, चांगली आहे.”