गाडी टिकते ती खालून

साजगाव परिसरात शिवारफेरीला गेलो की जुन्या बोलेरो गाड्या अजून भाताची पोती आणि घरची माणसे वाहताना दिसतात. २००० साली बाजारात आलेली ही गाडी. मालकांशी बोललो, तर बहुतेकांचा अनुभव एकच : इंजिन दमत नाही, पत्रा गंजतो. आमच्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. खाचरातला चिखल चासीला चिकटतो, ओल धरतो आणि लोखंड खातो.

शेतकरी बंधूंनो, चिखलणीनंतर बैल धुतोच ना? तसेच गाडीचे पोटही धुवा. पावसाळ्यापूर्वी खालून गंजरोधक लेप द्या. डिझेल फिल्टरमधले पाणी काढा. जुनी गाडी घेताना रंगाला भुलू नका. वाकून चासी व पाटे पाहा. हप्ते फिटल्यावरची वर्षेच खरी कमाईची. ती गंजाला देऊ नका.