डोक्यावरचा हात

शपथ घेताना माणूस स्वतःचं फार कमी पणाला लावतो. आईची शपथ, लेकराची शपथ, कुंकवाची शपथ. जीभ बोलणाऱ्याची, जीव मात्र दुसऱ्याचा. आमच्या आजीला हे मनापासून खटकायचं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यात, आमच्या घरी कुणी 'देवाची आन' म्हटलं तर ती हसून सोडून देई. देव असला तर आपलं आपण पाहून घेईल, असा तिचा हिशेब. पण कुणी पोराच्या डोक्यावर हात ठेवला की तिचा आवाज चढे. "लेकराच्या डोक्यावरचा हात काढ पयले, मंग बोल काय बोलाचं ते."

आम्ही पोरं मात्र शपथांच्या राज्यातच राहत होतो. शाळेत विद्येची शपथ सगळ्यांत जड. ती घेऊन खोटं बोलणारा परीक्षेत आपटणार, हे ठरलेलं. आईची शपथ रोजच्या वापरातली, बोरांवरून आणि पेन्सिलीवरून झालेल्या भांडणांत चालणारी. मात्र शपथ घातली की ती सोडवूनही घ्यावी लागे. 'सुटली म्हण, सुटली म्हण' करत शाळेपासून घरापर्यंत एकमेकींचा पिच्छा पुरवायचा. समोरची एकदाची 'सुटली' म्हणाली की सगळ्यांच्या आया सुखरूप. हिवाळ्यात शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, झाल्या की गावात रात्रभर नाटक चाले. झाडीपट्टीच्या त्या नाटकांत शपथेशिवाय अंक संपत नसे. खलनायक खोटी शपथ घ्यायचा, नायिका खरी, आणि पहाटेपर्यंत दोन्हींचा निकाल लागलेला असायचा. मांडवातल्या सतरंजीवर बसून आम्हांला खात्रीच पटली होती की शपथ मोडणाऱ्याला शिक्षा आपोआप होते. ती भलत्याला का होते, हा प्रश्न तेव्हा पडला नव्हता.

त्याचं उत्तर कॉलेजात मिळालं. संस्कृत शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर 'शप्' हा धातू लिहिला आणि त्यातून दोन बाण काढले, एक 'शाप'कडे आणि दुसरा 'शपथ'कडे. दुसऱ्याला दिला तो शाप, स्वतःवर ओढवून घेतली ती शपथ. 'मी खोटा असेन तर माझं असं असं होवो' हे वाक्य प्रत्येक शपथेच्या पोटात असतं. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात जादूटोण्याचा आळ आलेला वसिष्ठ हेच करतो. मी तसा असेन तर आजच मरेन, म्हणतो. तिथे निदान मरण त्याचं स्वतःचं होतं.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात मात्र कारभार बदलतो. ब्राह्मणाने सत्याची शपथ घ्यावी, क्षत्रियाने वाहनाची आणि शस्त्राची, वैश्याने गाई, धान्य आणि सोन्याची, शूद्राला सगळ्या पातकांची शपथ घालावी. शिवाय शपथ घेणाऱ्याला विस्तव उचलायला लावावं, पाण्यात बुडवावं किंवा बायकोच्या आणि मुलांच्या डोक्याला एकेक करून हात लावायला लावावा. म्हणजे आजी ज्यावर ओरडायची तो हात इतका जुना. त्याच्या जरा आधीच्या श्लोकात आणखी एक सवलत आहे. प्रेमात बाईजवळ आणि लग्न जुळवताना खोटी शपथ घेतली तर पातक नाही. बाईजवळ घेतलेली शपथ मोडायला मोकळीक, आणि स्वतःचं खरं ठरवायला पुन्हा तिचंच डोकं. शपथ म्हणजे गहाणखत असेल, तर इथे गहाण टाकलेल्या मालाला कुणी विचारलेलंही नाही.

हे पुस्तक २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या सत्याग्रह परिषदेत जाळलं गेलं. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली, आणि दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, ते आमच्या चांद्याला आले. शहराला चंद्रपूर हे नाव तेव्हा मिळायचं होतं. आजी गावातल्या बायकांसोबत बैलगाडीने गेली होती, धुतलेलं पांढरं लुगडं नेसून. तिला वाचता येत नव्हतं. बावीस प्रतिज्ञा तिने ऐकून ऐकून पाठ केल्या आणि कधी क्रम चुकला तर पुन्हा पहिलीपासून सुरुवात करायची. सतरावी दारू न पिण्याची, ती जरा जोरात म्हणायची, कारण आजोबा ओसरीवर बसलेले असत.

त्या दिवसाबद्दल तिला विचारलं की ती गर्दीचं फारसं सांगत नसे. सांगायची ते एवढंच, "त्यात कोनाचाच जीव नवता. बाबासायबांनी कोनाच्या डोक्यावर हात ठेवाले नाही लावलं." मी पुढे त्या बावीस वाक्यांकडे तिच्या नजरेने पाहिलं. मी मानणार नाही, मी करणार नाही, मी पाळीन. करणारा 'मी', सांगणाराही 'मी'. 'नाहीतर' हा शब्द कुठेच नाही. मोडलं तर आकाशातून काही कोसळेल अशी धमकी नाही, की पाळलं तर काही मिळेल असं आमिष नाही. शापाच्या पोटातून निघालेल्या शपथेला चांद्याच्या त्या मैदानावर शापापासून सोडवलं गेलं, असं मला वाटतं. आणि ज्यांना हजारो वर्षं 'सगळ्या पातकांची' शपथ घालण्याचा नियम होता, त्यांच्याच तोंडून ती सुटली. दरवर्षी ऑक्टोबरच्या मध्याला दीक्षाभूमीवर लोक येतात आणि त्याच प्रतिज्ञा पुन्हा म्हणतात. एकदा घेतलेली पुन्हा कशाला, असं कुणीतरी आजीला विचारलं होतं. "रोज जेवतोस का नाही?" ती म्हणाली.

नोकरीची सुरुवातीची वर्षं माझी सिरोंचा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत गेली. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, त्यानंतरचा तो काळ. प्राणहितेपलीकडे तेलुगू मुलूख, अलीकडेही घरोघरी तेलुगूच. मुलं उजवा हात पुढे करून मराठीतून प्रतिज्ञा म्हणत, 'बांधव' शब्दावर हमखास अडखळत. ही प्रतिज्ञा १९६२ साली पैडिमर्री वेंकट सुब्बाराव या अधिकाऱ्याने विशाखापट्टणमला लिहिली, आणि तीही तेलुगूत, हे मला पुष्कळ नंतर कळलं. म्हणजे मी त्या पोरांना त्यांच्याच भाषेतली वस्तू मराठीत घोकायला लावत होते. तिच्यातही कुणाचा जीव गहाण नाही, म्हणून आजीने ती पास केली असती.

शाळेबाहेर मात्र हात डोक्यावरून हलला नव्हता. दारू पिऊन आलेला बाप सकाळी शुद्धीवर आला की लेकराला जवळ ओढून म्हणायचा, याची शपथ, आजपासून बंद. ते लेकरू माझ्या वर्गात असायचं. पुढे ताप आला की आईला वाटायचं, बापाची शपथ बाधली. दवाखान्याआधी पुजाऱ्याकडे नेलेली अशी मुलं मी पाहिली आहेत. गडचिरोलीत बायकांनी आणि गावांनी चालवलेल्या मोठ्या आंदोलनानंतर १९९३ साली दारूबंदी झाली. चंद्रपूरच्या बायका २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ ला बंदी आली आणि २०२१ च्या मे महिन्यात सरकारने ती उठवली. बंदीच्या काळात चोरटी दारू होतीच, आणि त्याच काळात रात्री शांत झोप लागली असं सांगणाऱ्या बायकाही मला भेटल्या. दोन्ही खरं. पण एक दिसलं. मंत्रालयात घेतलेला निर्णय मंत्रालयात फिरतो, आणि तो फिरताना चालत गेलेल्या बायकांना कुणी विचारत नाही.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात रीत निराळी. तिथे ग्रामसभेत बहुमत चालत नाही, सगळ्यांचं एकमत व्हावं लागतं. एकजण अडला तर निर्णय थांबतो, बोलणं पुढच्या बैठकीत सुरू राहतं. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा देशभर गेली. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्यांचा सामूहिक वनहक्क मान्य झाला. तिथे ठरवलेलं टिकतं, कारण ते पाळणाऱ्या प्रत्येकाने ते आधी स्वतःच्या तोंडाने कबूल केलेलं असतं. शपथ हा शब्दही तिथे लागत नाही.

मुख्याध्यापिका झाल्यावर कोर्टात जाण्याची पाळी आली. एका मुलीच्या वयाचा पुरावा म्हणून शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर घेऊन साक्षीला उभी राहिले. सिनेमात गीतेवर हात ठेवतात, तसं काही नव्हतं. १९६९ च्या शपथ कायद्यात कुठल्याही ग्रंथाची अट नाही. ईश्वराची शपथ घ्या किंवा प्रतिज्ञेवर सांगा, दोन्ही सारखंच. मी प्रतिज्ञा घेतली. खोटी साक्ष दिली तर सात वर्षांपर्यंतची कैद होती, पण ती मला होती, माझ्या पोरांना नव्हती. कायद्याची ही बाजू मला आवडली.

निवृत्तीनंतर मी गावी परतले. बचत गटातली एक बाई नवऱ्याला घेऊन आली, सोबत लहान मुलगी. बाबासाहेबांच्या फोटोसमोर याला पोरीची शपथ घ्यायला लावा, म्हणाली. मी पोरीला बाहेर खेळायला पाठवलं.

"मंग कोनाची घेऊ, बाई?"

"तुझी घे."

"माह्यावर कोन भरोसा ठेवते?"

हे मला कुठल्या धातूत किंवा श्लोकात सापडलं नव्हतं. स्वतःची पत उरली नाही की माणूस लेकराची पत वापरतो. डोक्यावरचा तो हात क्रूरपणाचा कमी आणि दिवाळखोरीचा जास्त असतो. पत मात्र शपथेने परत येत नाही, ती रोजच्या पाळण्याने थोडी थोडी जमा होते, आणि त्यासाठी रोज पाहणारी माणसं लागतात. त्याने गटातल्या बायकांसमोर स्वतःच्या नावाने कबूल केलं. काही महिने पाळलं, पोळ्याला मोडलं, पुन्हा कबूल केलं. मोडलं तेव्हा बायकांनी त्यालाच फैलावर घेतलं, पोरीच्या तापाचा त्याच्याशी कुणी संबंध जोडला नाही. आता गटाच्या बैठकीत त्याची बायको कर्जाच्या हप्त्यासोबत त्याचाही हिशेब देते, आणि कधी दोन्ही थकलेले असतात.